नकोशा नोंदी

सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यालगत साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एक रोमन मालवाहू जहाज बुडालं. त्याच्या पोटात शिशाच्या सुमारे हजार लगडी होत्या, एकेक तेहेतीस किलोच्या आसपास. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा माल सापडला तेव्हा पुरातत्त्ववाल्यांच्या बरोबरीने खूश झाले ते इटलीतले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या राष्ट्रीय संस्थेने उत्खननाच्या खर्चातला वाटा उचलला आणि त्या बदल्यात काही लगडी मागून घेतल्या. कशाला, तर वितळवायला! पुरातत्त्ववाल्यांच्या जिवाची किती घालमेल झाली असेल, याची कल्पना करता येते. शेवटी तडजोड अशी ठरली, की लगडीच्या ज्या भागावर रोमन मालकाचा शिक्का आहे तो कापून जपायचा आणि उरलेलं शिसं ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेला द्यायचं.

इतका खटाटोप जुन्या शिशासाठी का, याचं उत्तर मला फार आवडतं. खाणीतून काढलेल्या ताज्या शिशात शिसे-२१० नावाचा किरणोत्सारी भाऊबंद मिसळलेला असतो. रासायनिकदृष्ट्या तोही शिसंच, त्यामुळे त्याला वेगळा काढता येत नाही. मात्र त्याचं अर्धायुष्य जेमतेम बावीस वर्षांचं. धातू खनिजातून वेगळा झाला की नवी भर थांबते आणि आहे ते झिजत जातं. दोन हजार वर्षांत त्यातलं काही म्हणता काही उरत नाही. वर समुद्राच्या पाण्याचं पांघरूण, त्यामुळे आकाशातून येणाऱ्या किरणांनीही ते शिसं नव्याने बिघडवलेलं नाही. असं शिसं एका अतिथंड यंत्राभोवती चिलखतासारखं बसवलेलं आहे. त्या यंत्राचं नाव क्युओर. वर चौदाशे मीटर खडक, आत रोमन शिसं आणि त्याच्या आत निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेले टेल्युरियम डायऑक्साइडचे ९८८ स्फटिक. टेल्युरियमचा अणू एका विशिष्ट, आजवर कोणीही न पाहिलेल्या प्रकाराने क्षय पावतो का, हे बघत ते बसलेले आहेत.

भूमिगत डिटेक्टरांवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘आकाश पाहण्यासाठी पाताळात’ असं एक वाक्य टाकतो. वाक्य खोटं नाही, पण मला त्यात फारसा रस वाटत नाही. मला रस आहे तो या लोकांच्या नको-नकोच्या यादीत. काय काय ऐकू येऊ नये, यासाठी माणसं कुठवर जातात! आणि त्या यादीतल्या गोष्टींचं पुढे काय होतं, हे तर त्याहून मजेदार आहे.

माझं काम ध्वनिमुद्रणाचं, म्हणून कदाचित हे डोक्यात बसलं असेल. स्टुडिओचं दार लावलं, रस्ता गेला, की एसी ऐकू येतो. एसी बंद केला की यंत्राची गुणगुण. ती घालवली की बोलणाऱ्याच्या खुर्चीची कुरकुर आणि मग त्याच्या मनगटावरचं घड्याळ. एक आवाज गेला की त्याच्यामागे दबा धरून बसलेला दुसरा पुढे येतो. खडकाखाली नेमकं हेच होतं. वरून येणारे किरण अडले, की खडकातलं युरेनियम आणि थोरियम बोलू लागतं. तिथे आडोसा केला की हवेतला रेडॉन वायू. तो हटवला की यंत्राचे स्क्रू, तारांचे डाग, काच. अगदी काम करणाऱ्या माणसाचं बोटसुद्धा, कारण आपल्या शरीरातल्या पोटॅशियमचा एक अंश किरणोत्सारी असतो. कॅनडातल्या सडबरीजवळ क्रायटन खाणीत दोन किलोमीटर खोल प्रयोगशाळा आहे. तिथे खाणीच्या धुळीतून चालत गेलेली माणसं आत शिरण्याआधी अंघोळ करून स्वच्छ कपडे चढवतात.

पण या सगळ्या पसाऱ्यातला पहिला आणि सर्वांत दांडगा नकोसा पाहुणा म्हणजे विश्वकिरण. त्यांचा शोधही नकोसेपणातूनच लागला. विद्युतदर्शी नावाचं साधं उपकरण असतं. त्यातली धातूची दोन पानं भारित केली की एकमेकांपासून फाकतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हे उपकरण वापरणाऱ्यांची एक तक्रार होती: कितीही बंदोबस्त करा, पानं हळूहळू मिटतातच. भार कुठेतरी गळतो. किरणोत्सर्गामुळे हवेतून भार गळतो हे नुकतंच कळलं होतं, त्यामुळे दोष जमिनीतल्या खनिजांवर गेला. तसं असेल तर उंच गेल्यावर गळती कमी व्हायला हवी. थिओडोर वुल्फ नावाच्या जेझुइट पाद्र्याने १९१० मध्ये आपलं उपकरण आयफेल मनोऱ्यावर नेलं. गळती कमी झाली, पण हिशेबापेक्षा फारच थोडी. दोमेनिको पाचिनीने १९११ मध्ये उलटी वाट धरली आणि उपकरण पाण्याखाली नेलं. तिथे गळती कमी झाली. म्हणजे काहीतरी वरून येत होतं. तरी लोकांना पटलं ते व्हिक्टर हेसमुळे. ७ ऑगस्ट १९१२ रोजी तो हायड्रोजनच्या फुग्यातून पाच हजार मीटरच्या वर गेला आणि तिथे गळती जमिनीवरच्यापेक्षा कित्येक पट निघाली. त्याला १९३६ मध्ये नोबेल मिळालं. सदोष उपकरण म्हणून ज्याच्या नावाने बोटं मोडली जात होती, ते सगळ्यांच्या देखत खरं बोलत होतं.

वरून जे येतं ते बहुतांशी प्रोटॉन. वातावरणाच्या वरच्या थरात ते हवेतल्या अणुकेंद्रावर आदळतात आणि फुटाफुटीची एक सर खाली कोसळते. तिच्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात, पायॉनांचे म्युऑन होतात आणि जमिनीपर्यंत मुख्यतः हे म्युऑन पोहोचतात. तळहात आडवा धरला तर त्यातून सेकंदाला साधारण एक, असा त्यांचा वर्षाव अहोरात्र चालू असतो. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण दोनशेसात पट जड. आयुष्य फक्त २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेसुद्धा साडेसहाशे मीटरच जाता येतं आणि हे तर पंधरा किलोमीटरवरून येतात. त्यांच्या वेगामुळे त्यांचं घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालतं, म्हणून ते पोहोचतात. आइन्स्टाइनची सापेक्षता आपल्या तळहातातून सेकंदाला एकदा आरपार जाते म्हणायची. १९३० च्या दशकात म्युऑन सापडला तेव्हा भौतिकशास्त्राच्या मांडणीत त्याला जागाच नव्हती. ‘हा कोणी मागवला?’ असं भौतिकशास्त्रज्ञ इसिडोर राबी म्हणाला, असं सांगतात.

मी म्युऑनचा माग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, एका विज्ञान प्रदर्शनातल्या क्लाउड चेंबरमध्ये. काचेची पेटी, तळाला कोरड्या बर्फावर ठेवलेला काळा पत्रा, वर अल्कोहोलमध्ये भिजवलेली फेल्टची पट्टी आणि बाजूने दिव्याचा तिरपा झोत. पत्र्यालगत अल्कोहोलच्या वाफेचा एक पातळ थर असा तयार होतो, की त्याला दव बनायला निमित्तच हवं असतं. भारित कण गेला की त्याच्या वाटेवर थेंब जमतात. प्रथम काही दिसत नाही, नुसतं धुरकट. मग डोळे सरावतात. जाड, आखूड, पांढरे फराटे दिसतात, ते हवेतल्या रेडॉनमधून निघालेले अल्फा कण. वेडेवाकडे, भरकटलेले धागे म्हणजे इलेक्ट्रॉन. सगळी मुलं जाड फराट्यांकडे बोट दाखवत होती, साहजिकच. म्युऑन मात्र केसासारखा बारीक, सरळसोट आणि पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असतो. बोट उचलेपर्यंत विरतो. तो वातावरणाच्या माथ्यावरून आलाय आणि पेटी, टेबल, फरशी भेदून अजून पुढे चाललाय, हे कळल्यावर मी त्या पेटीपुढून लवकर हलले नाही. मागे रांग खोळंबली होती.

साधारण ताकदीचा म्युऑन काही मीटर खडकातच दमतो. फार थोडे, प्रचंड ऊर्जेचे, किलोमीटरभर खाली उतरतात. किती खोल गेल्यावर किती उरतात, हा एकेकाळी स्वतंत्र संशोधनाचा विषय होता आणि त्यातलं फार मोलाचं काम भारतात झालं. होमी भाभा हे मुळात विश्वकिरणांचेच माणूस. वातावरणात कोसळणाऱ्या कणांच्या सरी कशा तयार होतात, याचं गणित त्यांनी वॉल्टर हाइटलरबरोबर १९३७ मध्ये मांडलं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे आपली टीआयएफआर, उभी राहिल्यावर त्यांची नजर कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे वळली. या खाणी जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी. १८८० च्या सुमारास जॉन टेलर कंपनीने तिथे काम सुरू केलं होतं आणि सोन्याच्या शिरेमागे माणूस तीन किलोमीटर खाली पोहोचला होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बी. व्ही. श्रीकांतन नावाचे तरुण संशोधक मोजणी यंत्र घेऊन खाणीत उतरले. पुढे टप्प्याटप्प्याने आणखी खोल मोजण्या होत गेल्या.

१९६० नंतर जपानमधल्या ओसाकाचे एस. मियाके, टीआयएफआरचे व्ही. एस. नरसिंहम आणि पी. व्ही. रमणमूर्ती यांनी हे काम खाणीच्या तळाकडे नेलं. सर्वांत खोल ठिकाणी यंत्र कित्येक आठवडे चालू राहिलं आणि एकही म्युऑन आला नाही. ही ‘शून्य’ नोंद मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी नोंद वाटते. इतके दिवस राबून हाती काहीच नाही, असं म्हणून दुसऱ्या कोणी गाशा गुंडाळला असता. या मंडळींनी उलट विचार केला: एवढी शांतता इथे मिळत असेल, तर आता न्यूट्रिनो ऐकू येईल.

न्यूट्रिनोला ना विद्युतभार, ना धड वजन. तो अख्ख्या पृथ्वीतून विनासायास जातो. वातावरणातल्या त्याच फुटाफुटीत तोही तयार होतो, पण क्वचितच कुठे थबकतो. थबकला तर आजूबाजूच्या खडकात एक म्युऑन जन्माला घालतो आणि तो म्युऑन यंत्राला दिसतो. म्हणजे परत म्युऑनच! मग वातावरणातून चुकून खाली पोहोचलेला म्युऑन आणि न्यूट्रिनोने खडकात केलेला म्युऑन वेगळे ओळखायचे कसे? तर दिशेवरून. वातावरणातला म्युऑन इतक्या खोलवर येतो तो जवळजवळ उभाच, कारण तिरपा आला तर त्याला फार जास्त खडक ओलांडावा लागतो. न्यूट्रिनोला सगळ्या दिशा सारख्याच. आडवा येईल, खालूनही येईल. म्हणून कोलारच्या यंत्राची रचना भिंतीसारखी उभी केली. दोन बाजूंना प्लास्टिक सिंटिलेटरच्या, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या, उभ्या भिंती, मधे निऑन वायू भरलेल्या काचेच्या नळ्यांचे थर. दोन्ही भिंती एकदम चमकल्या की नळ्यांना विजेचा जोरदार झटका द्यायचा. कणाच्या वाटेवरच्या नळ्या पेटतात आणि कॅमेरा त्यांचा फोटो काढतो. वरून पडणाऱ्यांकडे भिंतीची कड, बाजूने येणाऱ्यांकडे अख्खी छाती. या नळ्यांचं तंत्र होतं इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठातल्या आर्नल्ड वुल्फेंडेल यांच्या गटाचं. टीआयएफआरच्या बाजूने एम. जी. के. मेनन, नरसिंहम, रमणमूर्ती आणि श्रीकांतन, ओसाकाकडून मियाके. जागा चॅम्पियन रीफ खाणीत, २.३ किलोमीटर खोल.

त्याच वेळी फ्रेडरिक राइन्स दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत याच शिकारीवर होता. हा तोच राइन्स, ज्याने १९५६ मध्ये क्लाइड कोवानबरोबर अणुभट्टीशेजारी न्यूट्रिनो प्रथम पकडला. त्याला पहिली नोंद १९६५ च्या फेब्रुवारीत मिळाली, कोलारला थोडी नंतर. छापून मात्र कोलारचा निबंध आधी आला, १५ ऑगस्ट १९६५ च्या अंकात. राइन्सचा त्याच महिन्याच्या ३० तारखेच्या अंकात. कोण पहिला, यावर आजही लोक हिरिरीने बोलतात. मला विचाराल तर दोघांनाही पूर्ण गुण द्यावेत आणि विषय मिटवावा. पाच महिन्यांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, भाभांचं विमान आल्प्समध्ये कोसळलं. ही एक गोष्ट त्यांना पाहायला मिळाली, एवढं बरं झालं.

शोधनिबंधांत जे येत नाही ते खाणीचं. कामगारांबरोबर पिंजऱ्यातून खाली जायचं, पुढे बोगद्यांतून चालायचं. खोलवरचा खडक मुळातच तापलेला असतो, हवा खेळती ठेवायला यंत्रं लागतात. कोलारमध्ये ताणाने खडक अचानक फुटण्याच्या दुर्घटनांचा इतिहास मोठा. तिथे काच, फोटोफिल्म आणि हजारो व्होल्टची नाजूक सामग्री न्यायची आणि वर्षानुवर्षं चालवायची. ज्यांनी शाफ्ट खणला, वारा खेळवला, पाणी उपसलं, ते सोन्यासाठी राबत होते. न्यूट्रिनो हा त्यांच्या कष्टाचा आनुषंगिक लाभ, आणि त्याचं श्रेय कोणत्याही निबंधात मावणारं नव्हतं. २००१ मध्ये खाणी अधिकृतपणे बंद झाल्या. प्रयोग त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आवरावे लागले होते. सोनं परवडेनासं झालं की उपसा थांबतो, उपसा थांबला की पाणी चढतं, आणि जगातली एक अतिशय शांत जागा पाण्याखाली जाते.

बंद होण्याआधी कोलारने आणखी एक मोठा डाव मांडला होता. १९७० च्या दशकात सिद्धान्तवाल्यांनी भाकीत केलं, की प्रोटॉनसुद्धा अमर नाही, अतिशय क्वचित का होईना तो फुटतो. एकाच प्रोटॉनकडे बघत बसण्यापेक्षा टनावारी पदार्थ गोळा करून त्यातल्या अगणित प्रोटॉनांवर एकदम नजर ठेवायची, ही युक्ती. कोलारला लोखंडाच्या पत्र्यांचे आणि मोजणी-नळ्यांचे थर रचून सुमारे १४० टनांचं यंत्र उभं राहिलं. जगभरात असल्या प्रयोगांत ते पहिल्यांपैकी. त्यात काही संशयित नोंदी मिळाल्याही, पण इतरत्र त्या टिकल्या नाहीत. आज आपल्याला एवढंच ठाऊक आहे, की प्रोटॉन फुटत असेल तर त्याचं सरासरी आयुष्य एकावर चौतीस शून्यं इतक्या वर्षांहून जास्त असलं पाहिजे. प्रोटॉन बिचारा अजून खणखणीत आहे.

आणि इथे नकोशांची गोष्ट खरा रंग भरते. प्रोटॉनक्षय शोधणाऱ्यांना सर्वांत जास्त छळलं कोणी, तर वातावरणातल्या न्यूट्रिनोंनी. एका पिढीने ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं, तेच पुढच्या पिढीला डोकेदुखी झाले! म्युऑन खडकाने अडतात, न्यूट्रिनो कशानेच अडत नाहीत. ते यंत्रात येऊन असा काही गोंधळ घालतात, की प्रोटॉन फुटल्याचाच भास व्हावा. जपानमध्ये मासातोशी कोशिबा यांनी कामिओका खाणीत तीन हजार टन पाण्याची टाकी बांधली, कामिओकांडे. तिथे १९८३ मध्ये मोजणी सुरू झाली. प्रोटॉनक्षय मिळेना. मग कोशिबांनी ठरवलं, की निदान सूर्याचे न्यूट्रिनो तरी मोजू. त्यासाठी पाणी अधिक शुद्ध करू, रेडॉन घालवू. ही डागडुजी १९८७ च्या सुरुवातीला उरकली. २३ फेब्रुवारीला, सुमारे एक लाख साठ हजार वर्षं प्रवास करून, शेजारच्या दीर्घिकेत स्फोट झालेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर आले. कामिओकांडेत तेरा-एक सेकंदांत अकरा नोंदी झाल्या. अमेरिकेत मिठाच्या खाणीतल्या टाकीत आठ, रशियात बक्सानला पाच. पुढच्याच महिन्यात कोशिबा निवृत्त होणार होते. नशीब म्हणा, पण पाणी आधीच गाळून ठेवलेलं होतं.

तरी डोकेदुखी होतीच. ती नीट वजा करायची तर आधी नीट मोजली पाहिजे, म्हणून तिचा हिशेब सुरू झाला, आणि हिशेब जुळेना. न्यूट्रिनोच्या निरनिराळ्या जाती असतात, त्यांतले म्युऑन-जातीचे न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा कमी भरत होते. मग त्याच डोंगराच्या पोटात, हजार मीटर खाली, पन्नास हजार टन पाण्याची सुपर-कामिओकांडे आली. भिंतींवर अकरा हजारांहून जास्त प्रकाशनलिका, एकेक अर्धा मीटर व्यासाची. १९९८ मध्ये ताकाआकी काजिता यांनी आकडे दाखवले. डोक्यावरून, म्हणजे पंधरा-वीस किलोमीटरवरून येणारे न्यूट्रिनो ठीक होते. पायाखालून, म्हणजे पृथ्वी ओलांडून बारा हजार किलोमीटरवरून येणारे निम्मेच. एवढ्या वाटेत ते जात बदलत होते. जात बदलायची तर वस्तुमान हवं. न्यूट्रिनोला वस्तुमान नसतं असं धरून चालणारं भौतिकशास्त्र तिथे बदललं, आणि बदललं ते एका नको असलेल्या नोंदीचा पाठपुरावा केल्यामुळे. २००१ मध्ये टाकी भरताना एक नलिका फुटली, तिच्या धक्क्याने शेजारची, आणि बघता बघता हजारो नलिकांचा चुराडा झाला. त्यांनी ती परत उभी केली. २०१५ चं नोबेल काजिता आणि सडबरीचे आर्थर मॅकडोनाल्ड यांना मिळालं.

म्युऑनांचंही असंच पुनर्वसन झालंय. खोलवरच्या डिटेक्टरांत म्युऑनांची संख्या उन्हाळ्यात थोडी वाढते, हिवाळ्यात घटते. कारण खास आहे. उंचावर जन्मलेल्या पायॉनपुढे दोन वाटा असतात: हवेच्या दुसऱ्या अणूवर आदळून संपायचं किंवा त्याआधीच म्युऑन व्हायचं. हवा तापली की विरळ होते, आदळण्याचा संभव घटतो आणि जास्त पायॉन म्युऑन होतात. म्हणजे खाणीतल्या म्युऑनांवरून वीस-तीस किलोमीटर उंचीवरच्या हवेचा ताप कळतो. अमेरिकेतल्या सूडान या बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीत मिनोस नावाचा न्यूट्रिनो-डिटेक्टर होता. त्याच्या नोंदींतून ध्रुवप्रदेशावरचा स्थितांबर काही दिवसांत अचानक कसा तापतो, हे दिसल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. न्यूट्रिनोवाल्यांचा केर हवामानवाल्यांच्या कामी आला. सूडान आणि ग्रान सासो इथल्या डिटेक्टरांनी चंद्राची सावलीही पाहिली आहे. चंद्र विश्वकिरण अडवतो, त्यामुळे त्याच्या दिशेने येणारे म्युऑन किंचित कमी पडतात. अर्ध्या अंशाचा तो काळा ठिपका शेकडो मीटर खडकाखालून ओळखता येतो.

पिरॅमिडचं तर बहुतेकांना माहीत असेल. भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझने १९६० च्या दशकाच्या अखेरीस खाफ्रेच्या पिरॅमिडखाली डिटेक्टर मांडून वरच्या दगडात पोकळी आहे का, ते पाहिलं. सापडली नाही. ‘नाही’ हेही उत्तरच होतं. २०१७ मध्ये खुफूच्या पिरॅमिडमध्ये मात्र निदान तीस मीटर लांबीची अज्ञात पोकळी म्युऑनांनीच दाखवली.

आपल्याकडे उटीला ग्रेप्स-३ नावाची मोजणीशाळा आहे. ती फार खोल नाही, म्युऑन-डिटेक्टरवर दोनेक मीटर काँक्रीटचा थर आहे एवढंच. पण तिचं एक काम मला राहून राहून आठवतं. गडगडाटी ढग डोक्यावरून गेला की म्युऑनांची संख्या किंचित ढळायची. सूर्याचा, अंतराळाचा अभ्यास करणाऱ्यांना हा पावसाळी त्रास. टीआयएफआरच्या संशोधकांनी तो त्रास वर्षानुवर्षं साठवून ठेवला. १ डिसेंबर २०१४ च्या एका ढगाखाली संख्या साधारण दोन टक्क्यांनी घसरली होती. त्यावरून उलटा हिशेब करून त्यांनी २०१९ मध्ये सांगितलं, की त्या ढगात १.३ अब्ज व्होल्टचा विद्युतदाब होता. फुग्यांनी आणि विमानांनी त्याआधी मोजलेले आकडे याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

कोलार गेल्यावर भारतात पुन्हा खोल जागा मिळावी म्हणून तमिळनाडूत, तेनी जिल्ह्यातल्या बोडी डोंगरात न्यूट्रिनो वेधशाळा ठरली. बोगदा खणून कातळाच्या पोटात पन्नास हजार टन चुंबकीय लोखंडाचा डिटेक्टर बसवायचा, अशी योजना. केंद्र सरकारने २०१५ च्या जानेवारीत दीड हजार कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. स्थानिकांनी विरोध केला, राज्य सरकारही विरोधात गेलं, प्रकरण न्यायालयांत अडकलं आणि डोंगर तसाच आहे. न्यूट्रिनो कोणाचं काही बिघडवत नाही, हे खरंच. पण स्फोटांची आणि पाण्याची भीती न्यूट्रिनोचे गुणधर्म सांगून जात नसते. माझ्या मते समजावण्याचं काम फार उशिरा आणि फार वरच्या आवाजात सुरू झालं. आयत्या खाणीत उतरणं वेगळं आणि कोणाच्या तरी डोंगराला नवं भोक पाडणं वेगळं. दरम्यान चीनने जूनो ही वीस हजार टनांची टाकी बांधून २०२५ मध्ये मोजणी सुरूही केली.

आता पाळी आली आहे कृष्णद्रव्य, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं पण गुरुत्वाकर्षणावरून असावं असं मानलं जाणारं द्रव्य, शोधणाऱ्यांची. ग्रान सासोखाली आणि चीनमधल्या जिनपिंगच्या डोंगराखाली द्रवरूप झेनॉनच्या टाक्या आहेत. कृष्णद्रव्याचा कण एखाद्या झेनॉनच्या अणूला हळूच ढकलेल, याची त्या वाट पाहताहेत. खडक झाला, पाणी झालं, निवडक धातू झाले. २०२४ मध्ये दोन्हीकडे अगदी हलके धक्के दिसू लागल्याची चिन्हं मिळाली. ते धक्के सूर्याच्या न्यूट्रिनोंचे होते. रेमंड डेव्हिसने अमेरिकेतल्या होमस्टेक या सोन्याच्या खाणीत जवळजवळ दीड किलोमीटर खाली, कपडे धुलाईच्या रसायनाची पावणेचार लाख लिटरची टाकी भरून, ज्यांच्यासाठी तीन दशकं काढली आणि म्हातारपणी नोबेल घेतलं, तेच हे. आपल्या अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सहा हजार कोटींहून जास्त जातात. त्यांना अडवणारा डोंगर कुठेच नाही, त्यामुळे आणखी खोल जाऊन उपयोग नाही. झेनॉनवाले या अडचणीला धुकं म्हणतात.

या धुक्यातून वाट काढायची एक कल्पना मला फार जवळची वाटते, कारण ती थेट कोलारच्या उभ्या भिंतींच्या वंशातली आहे. धक्का बसला एवढं कळून भागत नाही, तो कुठल्या बाजूने बसला हे कळलं पाहिजे. सूर्याचे न्यूट्रिनो सूर्याकडूनच येणार. कृष्णद्रव्य असेल तर आपली सूर्यमाला आकाशगंगेत ज्या दिशेने धावते आहे त्या बाजूने, म्हणजे हंस तारकासमूहाकडून, समोरच्या वाऱ्यासारखं अंगावर येणार. मात्र दाट द्रवात ढकलला गेलेला अणू इतक्या थोड्या अंतरात थांबतो, की त्याची दिशा वाचताच येत नाही. त्यासाठी विरळ वायू हवा, आणि वायू घेतला की तितकाच पदार्थ मावायला यंत्र अवाढव्य करावं लागतं. छोट्या वायूपेट्यांवर काही गटांचं काम चालू आहे. त्यांच्या नको-नकोच्या यादीत रेडॉन पुन्हा पहिल्या ओळीत आहे.